घोड-भीमेच्या काठचा विरोधी नेता

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून बऱ्याच अंतरापर्यंत भीमा वाहते, आणि नकाशावर तिला शीव म्हणून दाखविण्यात येत असले तरी सोयरीक, बाजारहाट आणि ऊस या तिन्ही बाबतींत ती शीव कोणी फारशी मानीत नाही. मांडवगण फराट्याचा माणूस दौंडकडच्या बाजाराला जातो, दौंडकडची मुलगी न्हावऱ्याच्या घरात नांदते, आणि गाळपाच्या दिवसांत ज्या कारखान्याचा दर चार पैशांनी अधिक त्याच्या दिशेने उसाच्या गाड्या बिनदिक्कत पूल ओलांडतात. लोकसभेच्या दफ्तरात मात्र हे शेजारी वेगळे पडले. २००८ च्या पुनर्रचनेत शिरूरच्या नावाचा स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाला आणि दौंड बारामतीकडे राहिला. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात, सत्तेबाहेर बसलेल्या एकाच वयोवृद्ध नेत्याविषयी या दोन तालुक्यांनी दोन वेगवेगळ्या मतपत्रिकांवर आपले मत नोंदविले, आणि पुन्हा नोव्हेंबरात, जणू पहिला निवाडा अपिलात फिरविल्याप्रमाणे, त्याच्या उलट नोंदविले. हा नेता म्हणजे अर्थात शरद पवार.

विरोधी नेत्याकडे त्याचे प्रतिपक्षी कोणत्या नजरेने पाहतात हा प्रश्न साधारणतः विचारसरणीचा समजण्यात येतो. उजव्यांना तो डावा दिसतो, डाव्यांना तो पुरेसा डावा वाटत नाही, आणि मध्यममार्गी त्याच्याविषयी अर्धे वाक्य बोलून गप्प बसतात, असा सामान्य संकेत आहे. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मुलखात हा संकेत लागू पडत नाही. येथे पवारांविषयी बोलताना त्यांचा कट्टर विरोधकही ‘साहेब’ म्हणूनच सुरुवात करतो, आणि त्यांच्याविषयीची सर्वांत जहाल वाक्ये पूर्वी त्यांच्याच गाडीत बसलेल्यांच्या तोंडी ऐकू येतात. ज्याने कधीच मत दिले नाही त्याचा सूर थंड, जवळजवळ ऐतिहासिक असतो. ज्याने वीस वर्षे मत दिले आणि मग पक्षांतर केले, त्याच्या सुरात वाटणीच्या दाव्याची ऊब असते.

या वृत्तीचा उलगडा करण्यासाठी महाराष्ट्रात विरोधी नेता या संस्थेचे आजवर काय झाले ते आधी ध्यानात घ्यावे लागते. १९७८ च्या जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पवार अडतिसाव्या वर्षी पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले. १९८५ च्या निवडणुकीत त्यांच्या समाजवादी काँग्रेसने ५४ जागा मिळवून विधानसभेतील विरोधी बाकांचे नेतृत्व त्यांच्याकडे दिले. आणि १९८६ च्या अखेरीस औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत ते सारे बिऱ्हाड सत्ताधारी काँग्रेसमध्ये विलीन होऊन, १९८८ च्या जूनमध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले. ही वाट त्यांच्यापुरती मर्यादित राहिली असती तर तिला व्यक्तीचा स्वभाव म्हणता आले असते. परंतु विरोधी पक्षनेते नारायण राणे २००५ मध्ये काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले. २०१४ साली काही आठवड्यांपुरते विरोधी पक्षनेते राहिलेले एकनाथ शिंदे पक्षासह सरकारात गेले. त्यांच्यानंतरचे राधाकृष्ण विखे पाटील २०१९ च्या जूनमध्ये भारतीय जनता पक्षाच्या मंत्रिमंडळात दाखल झाले. आणि पवारांचे पुतणे अजित पवार तर २ जुलै २०२३ रोजी विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीतून उठून त्याच दिवशी उपमुख्यमंत्री झाले. विरोधी पक्षनेतेपद म्हणजे मंत्रिमंडळाची देवडी, असा समज ग्रामीण मतदाराच्या मनात रुजला असेल तर त्यात त्याचा दोष काय? देवडीवर बसलेल्या माणसाकडे लोक आदराने पाहतात, कारण तो आत केव्हा जाईल ते सांगता येत नाही. आणि तो फार काळ तेथेच बसून राहिला तर मनातल्या मनात त्याची कीव करू लागतात.

भारतीय जनता पक्षाच्या शिबिरातील जुनी मंडळी या बाबतीत मोठ्या मनोरंजक पेचात असतात. पुलोदच्या मंत्रिमंडळात पूर्वाश्रमीच्या जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी पवारांच्या शेजारी बसले होते, हे त्यांना विसरता येत नाही. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात निकालांची मोजणी पुरती आटोपण्यापूर्वीच पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने भाजपच्या संभाव्य सरकारला बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, हेही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान मोदी शिरूर-दौंडच्या उंबरठ्यावर असलेल्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आले असता पवारांनी आपल्याला राजकारणात बोटाला धरून चालविले अशा आशयाचे बोलले, आणि पुढच्याच वर्षी पवारांना पद्मविभूषण मिळाले. त्याच पंतप्रधानांनी २९ एप्रिल २०२४ रोजी पुण्याच्या सभेत, नाव न घेता, ‘भटकती आत्मा’ हे शब्द उच्चारले. साडेसात वर्षांच्या अंतराने एकाच मुखातून निघालेल्या या दोन अभिप्रायांपैकी कोणता खरा मानावा, असे तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्याला विचारले तर तो हसतो आणि दोन्ही, असे सांगतो. त्याचे उत्तर चुकीचे आहे असे मला वाटत नाही. जो नेता उद्या आपल्या बाजूला येऊ शकतो त्याची निंदाही दार बंद न करता करावी लागते; दार खरोखरच बंद झाले अशी खात्री पटली की मग शब्दांना धार येते.

समाजवादी आणि डाव्या परंपरेतील, संख्येने आता विरळ झालेल्या, शिक्षक-वकील मंडळींचा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. पुलोदच्या प्रयोगाला एस. एम. जोशींसारख्या माणसाचा आशीर्वाद लाभला होता, त्यामुळे आठ वर्षांनी झालेले विलीनीकरण त्यांनी मनाला लावून घेतले आणि ते अद्याप विसरलेले नाहीत. बारामती मतदारसंघात १९७७ साली जनता पक्षातर्फे निवडून आलेल्या आणि १९८५ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा लोकसभा गाठलेल्या संभाजीराव काकड्यांच्या अनुयायांची गोष्ट आणखी निराळी होती. त्यांचे वैर नीरा खोऱ्यातले, घराण्यांचे आणि कारखान्यांचे होते, आणि तसल्या वैरात तत्त्वापेक्षा टिकाऊपणा अधिक असतो. ही दोन्ही शिबिरे आज जवळजवळ विझली आहेत. त्यांच्यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

खरे नाट्य घडले ते पवारांच्या स्वतःच्या घरात, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट पडसाद शिरूरमध्ये उमटले. जुलै २०२३ च्या फुटीत पुणे जिल्ह्यातील राष्ट्रवादीचे आमदार एकामागून एक अजित पवारांच्या पाठीशी गेले. पवारांचे एकेकाळचे स्वीय सहायक दिलीप वळसे पाटीलही गेले, ज्यांच्या आंबेगाव विधानसभा मतदारसंघात शिरूर तालुक्यातील ३९ गावे मोडतात. मागे राहिले ते शिरूरचे अशोक पवार. निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षाचे नाव आणि घड्याळ हे चिन्ह पुतण्याकडे दिले, काकांच्या वाट्याला तुतारी वाजविणारा माणूस आला, आणि गावोगावच्या पारावर सोयऱ्याधायऱ्यांची विभागणी सुरू झाली. ‘साहेब’ आणि ‘दादा’, म्हणजे अजित पवार, या दोन संबोधनांनी आजवर एकाच घराचा वडीलकीचा क्रम दर्शविला जात असे. आता त्यांनी दोन शिबिरे दर्शविली जाऊ लागली. दादांच्या बाजूस गेलेल्यांचे म्हणणे ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवते: साहेब चुकले असे म्हणण्यापेक्षा साहेब थांबले नाहीत, असे म्हणणे त्यांना सोयीचे वाटते. ५ जुलै २०२३ च्या मुंबईतील सभेत अजित पवारांनी वयाचा जो मुद्दा जाहीरपणे काढला तो या तालुक्यांत फार खोलवर उतरला, कारण येथे सोसायटीच्या चेअरमनपदापासून वाड्यातील चाव्यांपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी पुतण्या वाट पाहत बसलेला असतो.

एवढे होऊनही मे महिन्यात शिरूरने साहेबांच्या तुतारीवर लढणाऱ्या खासदार अमोल कोल्ह्यांना १,४०,९५१ मतांच्या आधिक्याने निवडून दिले. त्यांच्या विरोधात उभे होते शिवाजीराव आढळराव पाटील, २००४ पासून तीन वेळा खासदार, २०१९ साली कोल्ह्यांकडूनच शिवसेनेच्या चिन्हावर पराभूत झालेले, आणि आता मार्च महिन्यात अजित पवारांच्या राष्ट्रवादीत येऊन घड्याळावर लढणारे. कोल्ह्यांना पाडण्याचा निर्धार अजित पवारांनी डिसेंबरातच जाहीर केला होता. त्यांचा आक्षेप असा की हा माणूस मतदारसंघात दिसत नाही, नाटक-मालिकांत रमतो, आणि मध्यंतरी राजीनामा द्यावयास निघाला होता. आक्षेपातील पहिला भाग शिरूरच्या मतदारांनाही मान्य होता. खासदार भेटत नाहीत ही तक्रार तुतारीला मत देणाऱ्यानेही केली. परंतु ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, चाकण-मंचर-शिरूरच्या बाजारात भाव कोसळले, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोल्ह्यांनी शिवनेरीपासून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा नेला. बंदी उठली ती ४ मे रोजी, म्हणजे शिरूरच्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना, आणि तीही प्रति टन साडेपाचशे डॉलरच्या किमान दराचे व चाळीस टक्के शुल्काचे जोखड ठेवून. चाळीत सडणाऱ्या कांद्याच्या वासाने ज्याचे घर भरले आहे त्याला आपला खासदार मालिकेत कोणते सोंग घेतो याच्याशी कर्तव्य उरत नाही. शिवाय ते सोंग होते संभाजी महाराजांचे, आणि महाराजांची समाधी याच तालुक्यातील वढू बुद्रुकला.

चित्रवाणीच्या पडद्यावरून विरोधी बाकांवर आलेला माणूस म्हटला की मला इस्राएलचे यायर लपिड आठवतात. वृत्तनिवेदक म्हणून घरोघरी परिचित असलेल्या या गृहस्थाने २०१२ साली पक्ष काढला आणि पुढच्याच निवडणुकीत १९ जागा जिंकल्या; २०२१ मध्ये नेतान्याहूंना दूर करण्यासाठी त्यांनी आपल्याहून लहान पक्षाच्या बेनेट यांना पंतप्रधानपदाची पहिली पाळी दिली, एका अरब पक्षाला आघाडीत घेतले, आणि स्वतःच्या पाळीला २०२२ च्या उत्तरार्धातील जेमतेम सहा महिने आले. आज नेतान्याहूंचे अनुयायी त्यांना डावे ठरवितात. डाव्यांना ते उजव्यांच्या मर्जीसाठी वाकणारे वाटतात. धर्मपाठशाळांतील तरुणांना सैन्यभरती लागू करण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे कर्मठ पक्ष त्यांच्याकडे वैऱ्याच्या नजरेने पाहतात. २०२३ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले तेव्हा विरोधातील बेनी गांत्झ मंत्रिमंडळात गेले, लपिड गेले नाहीत. अतिउजवे मंत्री सरकारात असेतोवर आपण येणार नाही अशी त्यांची अट होती. बाहेर राहिल्याबद्दल त्यांना देशद्रोह्यापासून तत्त्वनिष्ठापर्यंत नाना विशेषणे लाभली. पण एक गोष्ट तेथे कोणत्याही शिबिराच्या मर्जीवर अवलंबून नाही: विरोधी पक्षनेत्याचे पद इस्राएलच्या कायद्यात लिहिलेले आहे, आणि पंतप्रधानाने त्याला निदान महिन्यातून एकदा राज्यकारभाराची माहिती दिलीच पाहिजे असे बंधन आहे. नेतान्याहू-लपिड भेटीत स्नेह किती असतो हा भाग वेगळा.

आपल्याकडे विरोधी पक्षनेत्याच्या पगार-भत्त्यांचा कायदा आहे, परंतु मान्यता अध्यक्षांच्या हाती आणि एकदशांश जागांच्या जुन्या प्रघातावर अवलंबून. २०२४ च्या नोव्हेंबरात २८८ पैकी शिवसेनेच्या ठाकरे पक्षाला २०, काँग्रेसला १६ आणि पवारांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. २९ चा आकडा कोणालाच गाठता आला नाही, आणि त्यापुढची अधिवेशने खुर्ची रिकामी ठेवून झाली. मुंबईच्या वृत्तपत्रांनी यावर अग्रलेख लिहिले. शिरूर-दौंडमध्ये या रिकाम्या खुर्चीची चर्चा करणारा माणूस शोधून काढावा लागेल.

कारण लोकसभेला दहापैकी आठ जागा जिंकून देणाऱ्या त्याच नेत्याला सहा महिन्यांनी ८६ पैकी १० वर आणणाऱ्या मतदाराच्या मनात भलतेच काही चालले होते, आणि ते न्हावऱ्याला गेल्याशिवाय कळत नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना अशोक पवारांचे वडील रावसाहेब पवार यांनी उभा केला, आज त्यांचेच नाव त्याला आहे, आणि अशोकबापूंनी वर्षानुवर्षे त्याचे अध्यक्षपद भूषविले. हा कारखाना बंद पडला. ऐन गाळपात ज्या आवारात बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागावयाच्या, वजनकाट्याच्या खिडकीशी तोडणीच्या चिठ्ठ्या हातात धरून माणसे तिष्ठत उभी राहावयाची, तेथे शुकशुकाट झाला. सभासदांचा ऊस खाजगी कारखान्यांच्या दारी जाऊ लागला, कामगारांचे पगार थकले. याचे कारण काय, यावर दोन शिबिरांच्या दोन कैफियती आहेत. दादांचे अनुयायी म्हणत, कारभार बिघडला, कर्ज वाढले, घराण्याने संस्था बुडविली. बापूंचे अनुयायी म्हणत, सरकारने आपल्या बाजूच्या कारखान्यांना हमी देऊन सहकार विकास निगमाची कर्जे मिळवून दिली आणि आमची दरखास्त मात्र साहेबांची साथ सोडली नाही म्हणून अडवून धरली. दोन्ही कैफियतींत काही तथ्य असू शकते. परंतु निवाडा करणाऱ्या सभासदाच्या दृष्टीने दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो, आणि ही गोष्ट बापूंच्या हितचिंतकांच्या ध्यानात फार उशिरा आली: आमदार सत्तेत असता तर धुराडे पेटले असते. छळाची कहाणी सांगून सहानुभूती मिळते, पण त्याच कहाणीतून मतदार असाही धडा घेतो की छळणाऱ्याच्या बाजूला गेलेले बरे. निवडणुकीच्या तोंडावर ठाकरेंच्या शिवसेनेतून अजित पवारांकडे आलेल्या माऊली कटके यांनी अशोक पवारांना ७४,५५० मतांनी हरविले. शेजारच्या आंबेगावात वळसे पाटील १,५२३ मतांनी कसेबसे वाचले, त्यावरून साहेबांविषयीची माया आटली होती असे म्हणता येणार नाही. शिरूरमध्ये मायेच्या आड कारखाना आला.

खासदाराच्या मताने कालव्याचे आवर्तन सुटत नाही आणि कारखान्याचा बॉयलरही पेटत नाही. त्यामुळे लोकसभेला माणूस मोकळेपणी कांदा, कृतज्ञता, संताप यांपैकी ज्याला वाटेल त्याला मत देतो. विधानसभेचे मत मात्र चासकमान, डिंभे आणि खडकवासल्याच्या पाण्याशी बांधलेले असते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पालकमंत्री जो हुकूम देतात त्यावर दौंडच्या टोकाकडील उसाचे जीवन-मरण ठरते, पुण्याची तहान वर्षागणिक वाढत चालली असल्यामुळे तर अधिकच. आणि २०२३ च्या ऑक्टोबरापासून पालकमंत्री अजित पवार होते. विरोधी नेत्याकडून लोक जी कामे अपेक्षितात ती सर्व सत्तेची असतात, ही या मुलखातील त्याची मूळ अडचण आहे.

दौंडमध्ये हे त्रांगडे आणखी गुंतागुंतीचे होते, कारण येथील दोन प्रमुख शिबिरे पवारांच्या आधारे उभी नसून कुल आणि थोरात या दोन नावांभोवती उभी आहेत, आणि पवार हे त्या दोघांनी वेळोवेळी वापरलेले छत्र आहे. सुभाष कुल, त्यांच्या पश्चात रंजना कुल आणि मग चिरंजीव राहुल कुल, असा एक वारसा. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले रमेशअप्पा थोरात हा दुसरा पक्ष. २००९ साली राष्ट्रवादीचे उमेदवार राहुल कुल होते आणि त्यांना अपक्ष थोरातांनी हरविले. २०१४ साली कुल राष्ट्रीय समाज पक्षातर्फे निवडून आले, थोरात राष्ट्रवादीचे झाले. २०१९ साली कुल भाजपमध्ये जाऊन अवघ्या ७४६ मतांनी जिंकले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी कांचन कुल यांनी पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध लोकसभा लढविली. बारामतीत १,५५,७७४ मतांनी पराभव झाला, पण दौंडने आपल्या सुनेला आघाडी दिली. कुलांच्या ताब्यातील पाटसचा भीमा कारखानाही अडचणीत येऊन काही हंगाम बंद होता. तो कर्नाटकातील निराणी समूहाने भाडेतत्त्वावर घेतल्यावर पुन्हा सुरू झाला. २०२३ च्या मार्चमध्ये ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय राऊत यांनी या कारखान्यात पाचशे कोटींच्या गैरव्यवहाराचा आरोप केला, कुल यांनी तो फेटाळला, आणि केडगाव-चौफुल्याच्या गुऱ्हाळांवर त्यावर पुष्कळ वादही झडला. पण धूर निघत होता, आणि न्हावऱ्यात तो निघत नव्हता.

मे २०२४ मध्ये तर मोठा विलक्षण प्रसंग आला. नणंद-भावजयीच्या लढतीत कुल आणि थोरात, आयुष्यभराचे हाडवैरी, दोघेही अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवारांच्या व्यासपीठावर होते, आणि तरीही दौंडने सुप्रिया सुळे यांना आघाडी दिली. नेत्यांनी एक होऊन सांगितले असता जनतेने न ऐकण्याचे असे उदाहरण या तालुक्यात पूर्वी घडल्याचे मला आठवत नाही. तो कौल पाहून रमेशअप्पांनी ऑक्टोबरात तुतारी हाती घेतली. साहेबांच्या छायेत ते गेले ते साहेबांच्या विचारांपेक्षा त्या आघाडीच्या आकड्याला भुलून, असे त्यांच्या विरोधकांनी बोलून दाखविले आणि त्यांच्या स्वकीयांनी फारसे नाकारले नाही.

निकाल लागला तेव्हा कुल १३,८८९ मतांनी विजयी झाले. याच आकड्यावर दौंडमधील दोन शिबिरांचे आजही एकमत नाही. थोरातांची मते २०१९ च्या तुलनेत सुमारे चार हजारांनी वाढली. साहेबांचे अनुयायी म्हणतात, राज्यभर पडझड झाली असता ही वाढ तुतारीने दिली, घड्याळावर लढले असते तर अप्पा गळपटले असते. कुलांचे अनुयायी आपली सतरा हजारांची वाढ पुढे करून विचारतात, की ज्या नावावर मे महिन्यात सारा तालुका उलटला, त्या नावाची नोव्हेंबरातील किंमत चार हजारच भरावी काय? आणि या दोघांच्या मध्ये बसलेले, दोन्हीकडे सोयरीक असलेले तिसरे लोक सांगतात की मे महिन्यातील मत साहेबांना होते, नोव्हेंबरातील मत अप्पांना आणि राहुलदादांना होते, साहेब त्या मतपत्रिकेवर नव्हतेच.